कर्नलवरील निर्बंधाआधी सुसंगततेची कसोटी

नवी दिल्ली : संगणक कार्यप्रणालीतील एखादी सुविधा हल्लेखोरांच्या हाती शस्त्र ठरू लागली की, ती बंद करण्याची मागणी होणे स्वाभाविक आहे. मात्र लिनक्स कर्नलमधील ‘युजर नेमस्पेस’चा अनुभव पाहता, अवलंबून असलेल्या सॉफ्टवेअरची तपासणी न करता घातलेला निर्बंध सुरक्षेच्याच मुळावर येऊ शकतो.

२०१३ मधील लिनक्स ३.८ पासून सामान्य वापरकर्त्यालाही स्वतःपुरता स्वतंत्र कक्ष निर्माण करून त्यात प्रशासकाचे अधिकार घेता येतात. मूळ प्रणालीवर हे अधिकार चालत नाहीत. तथापि, एरवी केवळ प्रशासकासाठी खुले असलेले कर्नलचे भाग त्यामुळे सामान्य प्रोग्रामच्या आवाक्यात येतात. तेथे त्रुटी असल्यास हल्लेखोर कक्षाची भिंत ओलांडून संपूर्ण संगणकाचा ताबा मिळवू शकतो. नेटवर्क फिल्टरशी संबंधित ‘सीव्हीई-२०२४-१०८६’ ही अशीच त्रुटी. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटींच्या यादीत अमेरिकेच्या ‘सीसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने मे २०२४ मध्ये तिचा समावेश केला.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. क्रोम व फायरफॉक्स हे ब्राउझर संशयास्पद संकेतस्थळांना रोखणारा ‘सँडबॉक्स’ उभारण्यासाठी हीच सुविधा वापरतात. फ्लॅटपॅक आणि प्रशासकीय अधिकारांविना चालणारे पॉडमन कंटेनरही तिच्यावर विसंबून आहेत. त्यामुळे सरसकट बंदी घातल्यास एक दार बंद करताना दुसऱ्या दाराची कडी निघते. डेबियनने दीर्घकाळ मूलतः बंद ठेवलेली ही सुविधा २०२१ मधील अकराव्या आवृत्तीत खुली केली.

उबुंटूने मधला मार्ग निवडला. २३.१० या आवृत्तीत निर्बंध ऐच्छिक ठेवून, एप्रिल २०२४ मधील २४.०४ मध्ये तो सर्वांसाठी लागू करण्यात आला. ज्ञात प्रोग्रामना ‘ॲपआर्मर’ प्रोफाइलद्वारे सूट देण्यात आली. तरीही ठरावीक जागी स्थापित न होणारी अनेक ‘ॲपइमेज’ स्वरूपातील सॉफ्टवेअर सुरू होईनाशी झाली, कारण या प्रोफाइल मुख्यत्वे फाइलच्या मार्गाशी बांधलेल्या असतात. त्यावर काही वापरकर्त्यांनी सँडबॉक्सविना सॉफ्टवेअर चालवले, तर काहींनी संपूर्ण निर्बंधच उठवला. दोन्ही उपायांनी मूळ हेतू विफल ठरतो.

सूट देण्यातही जोखीम आहे. मार्च २०२५ मध्ये क्वालिस या कंपनीने हा निर्बंध ओलांडण्याचे तीन मार्ग उघड केले. ते सूट मिळालेल्या प्रोफाइलचाच आधार घेणारे होते. अपवादांची यादी जितकी सैल, तितका निर्बंध दुबळा, हा त्यातील धडा.

भारतासाठी हा प्रश्न दूरचा नाही. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर, तर केरळमधील शाळांत वापरली जाणारी ‘काइट’ प्रणाली उबुंटूवर आधारलेली आहे. एकाच वेळी अनेक संगणकांवर बदल लागू करणाऱ्या संस्थांनी आधी वापरातील सॉफ्टवेअरची यादी करणे, मोजक्या यंत्रांवर चाचणी घेणे, नाकारलेल्या विनंत्यांच्या नोंदी तपासणे आणि आवश्यक तेवढीच सूट देणे हा क्रम पाळणे हितावह ठरेल. जेथे अशा सॉफ्टवेअरची गरजच नाही, त्या सर्व्हरवर पूर्ण बंदी योग्य ठरू शकते. मात्र कर्नलची नियमित अद्ययावतता कोणत्याही निर्बंधाने टळत नाही.