झटपट तपासणी आणि बुडणारी मजुरी

करोनाची साथ ओसरली आणि तपासणीचा विषय आपण गुंडाळून ठेवला. पुढची साथ केव्हा येईल हे अल्लाहच जाणतो. परंतु तयारी ठेवणे आपले काम आहे. म्हणून व्यापारी व कारखानदार बांधवांपुढे आम्ही दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट मालाच्या पारखेची. जून २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने झटपट अँटिजेन तपासणीला परवानगी दिली. नाकातला नमुना, पंधरा ते तीस मिनिटांत निकाल, प्रयोगशाळेची गरज नाही. त्याआधी एप्रिलमध्ये जे चिनी संच परत पाठवले गेले ते रक्तातील प्रतिपिंडे शोधणारे होते. तो माल वेगळा, हा वेगळा. एक लॉट परत गेला म्हणून सगळा बाजार खोटा ठरत नाही.

परिषदेच्या पडताळणीत ही तपासणी शंभर बाधितांपैकी सुमारे ५१ ते ८४ जणांनाच पकडू शकली. निरोगी माणसाला मात्र क्वचितच बाधित ठरवत होती. म्हणजे 'आहे' म्हटले तर विश्वास ठेवावा. 'नाही' म्हटले आणि ताप-खोकला असेल तर आरटी-पीसीआर करावी. एप्रिल २०२१ मध्ये सरकारने अनेक व्यवसायांतील लस न घेतलेल्या कामगारांकडून पंधरा दिवस चालणारा तपासणीचा दाखला मागितला, तेव्हा पुष्कळांनी तो परवान्यासारखा खिशात ठेवला. आजचा निकाल आजचाच असतो, उद्याची हमी देत नाही.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. लूमवरचा कारागीर तपासणीला सुईच्या भीतीने नाही, मजुरी बुडण्याच्या भीतीने टाळतो. निकाल 'आहे' आला तर घरची चूल कशावर पेटणार? मग तो ताप लपवतो आणि सारा कारखाना आजारी पडतो. मालकाने संच आणून ठेवले पण मजुरीची हमी दिली नाही, तर ते संच कपाटातच राहतील.

शाममध्ये प्लेग आहे हे कळताच हजरत उमर (रजि.) सर्घहून परत फिरले. खबर मिळाल्यावर पाऊल मागे घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

लहान मालकाला हा भार एकट्याने पेलणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक बाजाराच्या असोसिएशनने आतापासूनच दरमहा थोडी रक्कम बाजूला काढावी आणि आजारी कारागिराची निम्मी तरी मजुरी त्यातून द्यावी. हे काम जकातीवर ढकलू नये. कारागिराचा तो हक्क आहे, खैरात नव्हे.