सिस्टरची ड्यूटी किती वाजता संपते?

मंडळी, आपल्या अंबरनाथ तालुक्यात उपकेंद्राच्या सिस्टरविषयी गावात दोन प्रकारची चर्चा चालते. एक, बाईंचा हात हलका आहे, बाळाला लस टोचली तरी ते फार रडत नाही. दुसरी, बाई संध्याकाळी कुठे जातात, कोणाच्या गाडीवर बसतात, घरी कोण येतं. पहिली चर्चा मिनिटात संपते, दुसरी पारावर तासभर रंगते. रंगायलाही हरकत नव्हती. पण पुढे कोणीतरी तिचाच अर्ज करतो, अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर पडतो, नोटीस निघते आणि बाईंचं वर्ष खुलासे देण्यात जातं. बदली मागून बाई निघून गेल्या की उपकेंद्राला कुलूप. मग बाळंतिणीला घेऊन पळायचं कुठे? बदलापूरला, नाहीतर थेट उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात!

म्हणून विचारायचं ते एवढंच : ड्यूटी संपल्यावर सिस्टरने काय करावं यात सरकारचा हक्क किती आणि गावाचा किती?

हक्क अजिबात नाही असं कोणी समजू नये. उपकेंद्रातली आरोग्य सेविका जिल्हा परिषदेची नोकर. तिला जिल्हा सेवा वर्तणूक नियम, १९६७ लागू. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयातली अधिपरिचारिका राज्य शासनाची. तिला महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ लागू. हे नियम घड्याळ पाहून सुरू होत नाहीत आणि घड्याळ पाहून संपतही नाहीत. सरकारी नोकराने सदैव सचोटीने वागावं आणि पदाला न शोभणारं काही करू नये, असं त्यात म्हटलेलं आहे. नियम मोडला तर विभागीय चौकशी, वेतनवाढ बंद, आणि प्रकरण गंभीर असेल तर बडतर्फी. शिवाय महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीतून नाव कमी झालं तर खाजगी दवाखान्यातही परिचारिका म्हणून उभं राहता येत नाही.

आता नियमाने खरोखर बंद असलेल्या गोष्टी बघा, म्हणजे पारावरच्या गप्पा आणि गुन्हा यांतला फरक कळेल.

पहिली गोष्ट खाजगी कमाईची. दिवसा उपकेंद्र आणि रात्री एखाद्या नर्सिंग होममध्ये पगारी पाळी, हे परवानगीशिवाय चालत नाही. घरी बोलावून सलाईन लावणं, मनानेच गोळ्या देणं, त्याचे पैसे घेणं हे तर त्याहून वाईट, कारण औषध ठरवणं हे नोंदणीकृत डॉक्टरचं काम आहे. इथे आपलाही दोष आहे, शेतकरी बंधूंनो. लावणीच्या दिवसांत अंग मोडून ताप आला की "बाई, घरीच एक बाटली चढवा" असा आग्रह कोण धरतं? आपणच. रिॲक्शन आली की अर्ज कोण करतं? तेही आपणच! मात्र भजनी मंडळात गाणं, हौशी नाटकात काम करणं, मोफत समाजसेवा करणं याला नोकरीत खोळंबा होत नसेल तर नियमांची आडकाठी नाही. बाईंच्या हाती टाळ दिसला म्हणून कोणी कागद काढू नये.

दुसरी गोष्ट राजकारणाची. मत द्यावं, पण पक्षाचं सभासद होऊ नये, प्रचार करू नये. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणुकीचं चिन्ह लावलं तरी तो प्रचारच धरला जातो. तेव्हा पॅनेलवाल्यांनी सिस्टरला हळदीकुंकवाच्या नावाखाली प्रचाराला ओढू नये. निवडून तुम्ही याल, नोटीस तिला येईल.

तिसरी गोष्ट मोर्चाची. जून २०१७ मध्ये नेवाळीच्या शेतकऱ्यांनी विमानतळाच्या जमिनीसाठी केलेलं आंदोलन आपण विसरलेलो नाही. अशा घरातली लेक सरकारी दवाखान्यात नोकरीला असेल तर तिने काय करावं? सरकारी नोकराला सरसकट सगळ्याच निदर्शनांची बंदी घालता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यात सांगितलं. पण शांततेने उभं राहणं वेगळं आणि दगडफेकीत सापडणं वेगळं. राज्याच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे ४८ तासांपेक्षा जास्त कोठडी झाली की कर्मचारी निलंबित झाला असंच मानतात. घरच्या वडीलधाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चौथी गोष्ट मोबाइलची. समाजमाध्यमांवर कसं वागावं याच्या सूचना राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये काढल्या. वैयक्तिक खातं आणि कार्यालयीन खातं वेगळं ठेवा, वैयक्तिक खात्यावर गणवेश, पदनाम, सरकारी गाडी किंवा इमारत दाखवणारे रील टाकू नका, शासनाच्या धोरणावर टीका करू नका, असं त्यात आहे. घरच्या अंगणात नाचलेला व्हिडिओ हा तिचा घरचा मामला. तोच गणवेशात, वॉर्डात काढला तर खात्याचा मामला. आणि रुग्णाचा फोटो तर कधीच टाकू नये, मग नियम असो वा नसो.

राहता राहिला मुख्यालयाचा प्रश्न. सिस्टरने गावात राहावं ही अपेक्षा रास्त आहे. साप चावलेला माणूस लोकलचं वेळापत्रक पाहून येत नाही. २०१९ च्या शासन निर्णयाने मुख्यालयी राहण्याबाबत ग्रामसभेचा ठरावही मागितला. पण आपल्याकडची परिस्थिती पाहा. उपकेंद्राचं निवासस्थान गळकं, पाणी नाही, मुलांची शाळा बदलापूरला, नवऱ्याची नोकरी मुंबईत. मग बाई अंबरनाथला खोली घेतात. यावर बोलायचं असेल तर आधी निवासस्थान दुरुस्त करा, मग ठरावाची भाषा करा. आणि ठराव हातात आहे म्हणून सरपंचांनी किंवा सदस्यांनी बाईंवर नको ती सत्ता गाजवू नये. तसं कोणी केलं तर २०१३ च्या कायद्याने जिल्ह्यात स्थानिक तक्रार समिती आहे, आणि तिथे सरपंचकीचा मान आडवा येत नाही.

एवढं सोडलं तर बाकी सारं तिचं. ती लग्न करते की नाही, पंजाबी ड्रेस घालते की साडी, सुट्टीच्या दिवशी सिनेमाला कोणाबरोबर जाते, विधवा असून कुंकू लावते का, यातलं काहीही नियमपुस्तकाच्या कक्षेत येत नाही. खुद्द सरकारचीही यात एकदा चूक झाली. लष्करी परिचर्या सेवेतल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये लग्न केलं म्हणून नोकरीतून काढलं. तसा लेखी नियमच तेव्हा होता. तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उघड उघड मनमानी ठरवला आणि त्यांना ६० लाख रुपये द्यायला सांगितले. न्याय मिळाला, पण छत्तीस वर्षांनी. तोवर नोकरीचं वय निघून गेलं होतं. लेखी नियम असूनही सरकारला पैसे मोजावे लागले, तिथे पारावरच्या अलिखित नियमाची काय कथा!

म्हणून गावकारभाऱ्यांना सांगणं असं. सिस्टरविरुद्ध कागद काढण्याआधी तीन प्रश्न विचारा. तिने लेखी नियम मोडला का? तिच्या वागण्याने रुग्णाचं नुकसान झालं का? ड्यूटीच्या वेळी ती जागेवर नव्हती का? एकाचं जरी उत्तर हो असेल तर तारीख, वेळ आणि हकीगत लिहून, खाली स्वतःची सही करून तक्रार द्या, आणि चौकशीत जबाब द्यायलाही उभे राहा. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर कागद फाडून टाका. निनावी अर्ज तर करूच नका. ज्याला सही करायची लाज वाटते, त्याला दुसऱ्याची चाकरी घालवायचा अधिकार नाही.

आणि सिस्टरभगिनींनो, तुम्हीही आपले नियम एकदा नीट वाचून काढा. जमीन किंवा प्लॉट घेताना खात्याला कळवा, परवानगी लागते तिथे लेखी घ्या, प्रत जपून ठेवा. तोंडी "चालतं हो" म्हणणारा साहेब चौकशीच्या दिवशी बदलून गेलेला असतो.

गावाला नर्स हवी असेल तर तिला माणूस म्हणून राहू दिलं पाहिजे. तिची ड्यूटी संपली की तिच्या दारावरची नजर काढा. रात्री-अपरात्री तेच दार आपल्याला ठोठवायचं आहे.