कुठे निघालीस?

गेल्या सप्टेंबरात मी अमेरिकेतल्या मेन राज्यात दोन दिवस डोंगरात चालून आले. धाकटी बहीण बॉस्टनला असते. तिकीट तिनेच काढलं, नाहीतर संस्थेच्या मानधनात हे होणारं नव्हतं. पण हे प्रवासवर्णन नाही. तिथे एक वही पाहिली आणि तिच्यामुळे माझ्याच कामातली एक चूक माझ्यासमोर आली. त्याबद्दल लिहायचं आहे.

आमच्या कौटुंबिक सल्ला केंद्रात दोन वर्षांपूर्वी एक बाई आली होती. वय चाळिशीचं. नवऱ्याची मारहाण होतीच, पण तिची पहिली तक्रार वेगळी होती. तिला सकाळी गावाबाहेरच्या तलावापर्यंत फिरायला जायचं होतं आणि घरातून बंदी होती. "कुठे जाते? कशाला जाते? कोण भेटतं तिथे?" संयुक्त बैठकीत नवरा हेच विचारत राहिला. शेवटी मी तडजोड घडवून आणली. तिने नणंदेला बरोबर घेऊन जावं, सातच्या आत परत यावं. दोघांच्या सह्या घेतल्या. "समेट" असा शेरा मारून फाइल बंद केली आणि एक केस मार्गी लागली म्हणून समाधानही मानलं.

तीन महिन्यांनी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, नणंद येत नाही. त्यामुळे जाणं बंदच आहे."

आता मेनबद्दल. तिथे कटाडिन नावाचा सुमारे १,६०० मीटर उंचीचा डोंगर आहे. पेनॉबस्कॉट या तिथल्या मूळ रहिवाशांचं ते पवित्र ठिकाण आहे. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातून निघणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची अ‍ॅपलेशियन पायवाट या डोंगरावर संपते. आम्ही तिचा अगदी लहानसा तुकडा चाललो. दोन्ही बाजूंना स्प्रूस, फर आणि बर्चचं दाट रान. मधेच झाडी उघडते आणि समोर तळं येतं, पाण्यात डोंगर उलटा दिसतो. पुढे दलदल लागते. ही आपल्याकडच्या चिखलासारखी नाही. शेवाळ मरतं, पण थंड, आंबट पाण्यात ते नीट कुजत नाही. थरावर थर साचत हजारो वर्षांत त्याचा काळा, भिजलेला गाळ होतो. त्याला पीट म्हणतात. जगातल्या जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग अशा पीटचा आहे, पण सगळ्या जंगलांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून जास्त त्यात साठलेला आहे. ज्याला आपण पडीक म्हणू, ते किती धरून ठेवतं बघा!

त्या दलदलीवरून जायला ओंडके तासून टोकाला टोक लावून ठेवलेले असतात. एका वेळी एकीनेच चालायचं. एकदा माझा पाय घसरला आणि घोट्याच्या वर आत गेला. बहिणीने हात दिला. खाली घटपर्णीची लाल, किडे खाणारी झाडं होती आणि स्फॅग्नम नावाचं शेवाळ होतं. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषतं. म्हणून उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवासी बायका ते वाळवून तान्ह्या मुलांखाली घालत. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जखमांवर बांधायला ते पोत्यांनी गोळा झालं, त्यातही बायकांचे हात मोठ्या संख्येने होते. म्हणजे दलदलीत बाई पूर्वीपासून जात होती. पण कामासाठी.

आपल्याकडेही तेच आहे. बाईला चालायला कारण लागतं. पाणी, सरपण, बाजार, शेत. वारीला ती शेकडो मैल चालते, पण तिथेही शेवटी विठोबा उभा असतो, म्हणून घरचे जाऊ देतात. विनाकारण चालणारी बाई मात्र कुणालाच खपत नाही.

याच कटाडिनच्या दक्षिणेला रेनबो लेक नावाचं तळं आहे. १९५४ साली तिथे एमा गेटवुड नावाची बाई वाट चुकली. ओहायोतली शेतकरी बाई, अकरा मुलांची आई. १९०७ मध्ये लग्न झालं तेव्हापासून नवऱ्याचा मार खाल्लेली. मार असह्य झाला की ती घराजवळच्या रानात पळून जायची, तिथेच तिला बरं वाटायचं. १९४१ मध्ये तिने घटस्फोट मिळवला. पुढे मासिकात या पायवाटेबद्दल वाचलं आणि ती चालायला निघाली. पहिल्या खेपेला वाट चुकली, चष्मा फुटला. वनरक्षकांनी शोधून काढलं आणि सांगितलं, "घरी जा."

ती घरी गेली. पण १९५५ च्या मे महिन्यात, वयाच्या ६७ व्या वर्षी, ती दुसऱ्या टोकाकडून निघाली. मुलांना एवढंच सांगितलं की फिरायला जातेय. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. १४६ दिवसांनी, सप्टेंबरात ती कटाडिनच्या माथ्यावर पोचली. ही संपूर्ण वाट एका दमात एकटीने चालणारी ती पहिली बाई.

आपण बायकांना सांगत आलो आहोत की रान धोक्याचं, घर सुरक्षित. एमाच्या बाबतीत ते नेमकं उलटं होतं. आपल्या कपाटातल्या फायली काढून बघा. त्यातल्या किती बायकांना रानात मार बसला आणि किती जणींना स्वयंपाकघरात?

आता त्या वहीबद्दल. कटाडिनच्या उद्यानात वाट सुरू होते तिथे एक नोंदवही ठेवलेली असते. नाव, किती जण, कोणत्या वाटेने, किती वाजता निघालात, आणि उतरल्यावर परत आल्याची वेळ. मी लिहायला लागले आणि हात थांबला. कुठे, कोणाबरोबर, परत कधी? हे तर त्या बाईच्या नवऱ्याचेच प्रश्न! शब्द तेच, अर्थ मात्र वेगळा. तिथे हे विचारतात ते तुम्ही परतला नाहीत तर शोधायला निघता यावं म्हणून. घरात विचारतात ते तुम्ही निघूच नये म्हणून. एकीकडे नोंद आहे, दुसरीकडे परवानगी. मी त्या बैठकीत बाईला नोंदवही द्यायला हवी होती. मी तिच्या नवऱ्याच्या परवानगीवर संस्थेचा शिक्का मारून दिला.

काही कार्यकर्त्या म्हणतील, हे मध्यमवर्गीय चोचले आहेत. ज्या बाईच्या डोक्यावर तीन हंडे आहेत तिला चालण्याचं काय कौतुक? बरोबर आहे, म्हणूनच मला हे मांडायचं आहे. त्या बाईला आपण नळ मागतो, रेशन मागतो, रोजगार मागतो. ते मागायलाच हवं. पण डोक्यावर काही नसताना, कुणाची वाट पाहत नसताना, हात हलवत चालण्याची वेळही तिचीच आहे. ती आपल्या मागण्यांच्या यादीत कधी आली? भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. रस्त्यावर छेडछाड होते, हल्ले होतात. पण त्यावर उपाय म्हणून दरवेळी बाईलाच आत ठेवायचं, हे आपणही मान्य करून बसलो आहोत का?

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानुसार आपण जो घटना अहवाल भरतो, त्यात घराबाहेर पडायला अडवणं हे शाब्दिक व भावनिक छळाच्या प्रकारांत दिलेलं आहे. तिथे खूण करायची जागा आहे. मी ती केली नव्हती, मारहाणीपुढे ते किरकोळ वाटलं. तुमच्या केंद्रात काय होतं? तडजोडीच्या अटींमध्ये "अमक्याबरोबरच जावं, अमक्या वेळेत यावं" अशी अट आपण किती वेळा लिहून दिली आहे, हे प्रत्येकीने तपासावं असं मला वाटतं. असली अट हिंसा थांबवत नाही, तिला कागदावर जागा करून देते.

परत आल्यावर मी त्या बाईच्या घरी गेले. माझी चूक झाली असं तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, चहा ठेवला. मग आमच्या केंद्रात एक दोनशे पानी वही आणून ठेवली. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ज्या बायकांना यायचं त्या सकाळी जमतात, वहीत नाव आणि वेळ लिहितात आणि तलावाकडे चालत जातात. भाषण नाही, गाणी नाहीत, हजेरीचा अहवाल नाही. पहिल्या रविवारी पाच जणी होतो. तिसऱ्या रविवारी ती आली. "कशासाठी" असा रकाना वहीत ठेवलेला नाही. तरी तिने वेळेच्या पुढे आपल्या अक्षरात एक शब्द लिहिला: "सहजच."