वायरलेस बोलतात, पण एकमेकांशी?

११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्कचा उत्तर मनोरा कोसळू शकतो, असा इशारा पोलिसांच्या हेलिकॉप्टरने दिला. पण पोलिसांचे आणि अग्निशमन दलाचे वायरलेस एकमेकांशी जोडलेले नव्हते. आतल्या जवानांना तो ऐकू गेला नाही. त्या दिवशी ३४३ अग्निशमन जवान गेले.

समान मानक, ‘प्रोजेक्ट २५’, अमेरिकेत १९८९ पासून तयार होत होतं. पण मानकाचा शिक्का म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून तिथल्या गृहसुरक्षा खात्याने एका कंपनीचा सेट दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेशी जोडून तपासण्याची आणि अहवाल खुले करण्याची ऐच्छिक व्यवस्था उभी केली. काही प्रयोगशाळा कंपन्यांच्याच आहेत. म्हणून तर अहवाल खुले हवेत.

टेस्टिंगला दुय्यम समजणाऱ्या माझ्या इंजिनिअर मित्रांनो, जीव इथेच वाचतात. आणि जनतेच्या पैशातून घेतलेल्या यंत्राचा चाचणी अहवाल मागणं हा आपला हक्क आहे.