चिलखताच्या आत काय?

मुलांनो, चिलखत म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? प्रतापगड, होय ना? १६५९ साली अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवरायांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, हे चौथीतला मुलगाही सांगेल. आज मात्र मी तुम्हांला एका जीपच्या चिलखताची गोष्ट सांगणार आहे. तिच्यात एक चूक माझीही आहे, ती पोटात घाला.

आमची शाळा कोकणात, घाटाच्या पायथ्याशी. वरच्या वाडीतली अकरा मुलं तात्यांच्या जुन्या जीपमधून येतात. वाट म्हणजे जांभ्या दगडांचा ओढाच! प्रत्येक खेपेला जीपचे मागचे कोपरे कुठेतरी आपटायचे. तीन वर्षांपूर्वी मीच तात्यांना म्हटलं, "कोपऱ्यांवर जाड पत्रा का मारून घेत नाही?" परदेशात तसं करतात हे मी वाचलेलं होतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात रुबिकॉन नावाची साधारण पस्तीस किलोमीटरची खडकाळ वाट आहे. १९५३ पासून हौशी मंडळी तिथे जीपा घेऊन जमतात. गाडी खडकावर घासली तरी मूळ बॉडी वाचावी म्हणून कोपऱ्यांना आणि दाराखाली जाड पत्रे लावतात.

तात्यांनी एका गॅरेजमध्ये अर्ध्या तासात पत्रे ठोकून घेतले. भोकं पाडली, स्क्रू पिळले, वर चंदेरी रंग. जीप अशी ऐटीत दिसायला लागली की विचारू नका!

यंदा एप्रिलमध्ये चौथीतली एक मुलगी मागून जीपमध्ये चढत होती. तिनं कोपऱ्यात पाय ठेवला आणि पाय पत्र्यातून थेट खाली! नडगी सोलवटली, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. पोरगी रडली नाही, पण माझ्या पोटात गोळा आला. चंदेरी पत्रा उचकटून पाहिला, तर आतली बॉडी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झालेली. बाहेरचं चिलखत मात्र ठणठणीत!

असं का झालं? आज रात्री घरी एक प्रयोग करा. घासलेली दोन ताटं न पुसता एकात एक ठेवा आणि एक ताट वेगळं उभं करून ठेवा. सकाळी वेगळं ठेवलेलं कोरडं झालेलं असेल. एकात एक ठेवलेल्यांच्या मध्ये मात्र पाणी तसंच असेल. अरुंद फटीत पाणी आपोआप ओढलं जातं आणि तिथे वारा लागत नाही म्हणून ते वाळत नाही. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो. त्यातून आमच्याकडची खारी हवा! मीठ असलं की गंजाला पायच फुटतात.

नवीन मिस्त्रीकाकांनी जीप पाहिली आणि म्हणाले, "बाई, कुजक्यावर पत्रा मारणार नाही. आधी आतलं नीट करू." तात्या कुरकुरले. खर्च दुप्पट आणि चार दिवस जीप बंद. ते चारही दिवस मुलं पायी आली. मीही एकदा त्यांच्याबरोबर वर चढून गेले. चांगलीच दमछाक झाली!

काकांनी आधी बॅटरीची तार काढली, डिझेलची टाकी उतरवली आणि मगच वेल्डिंगला हात घातला. (ठिणग्या उडत असताना तुम्ही जवळ जायचं नाही हं!) कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडला. मग एक जुना पुठ्ठा घेतला आणि कोपऱ्यावर दाबून त्याचा साचा कापला. आपण हस्तकलेत करतो तसंच! पुठ्ठा चुकला तर पुन्हा कापता येतो, पत्रा नाही.

एका मुलानं विचारलं, "काका, ॲल्युमिनियमचा का नाही? हलका असतो ना?" प्रश्न चांगला होता. तीन मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पोलादी पत्रा साडेतेवीस किलोच्या आसपास भरतो, ॲल्युमिनियमचा आठ किलो. पण दोन वेगळे धातू चिकटून आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे झाली की बॅटरी तयार! ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड पडते. लावायचंच तर मध्ये रबर आणि रंगाचा चांगला थर हवा. आम्ही पोलादच घेतलं.

भोकं पाडल्यावर काकांनी लोखंडाचा चुरा ब्रशनं कणन् कण झाडून काढला. तो राहिला तर तिथूनच गंजाची सुरुवात. भोकाच्या कडा उघड्या पडतात, म्हणून त्या कानशीनं घासून त्यांना प्रायमर लावला, मग रंग. आमच्या आधीच्या पत्र्याखाली हे काहीच नव्हतं.

आता सीलंट. तात्यांनी दुकानातून स्वस्तातली सिलिकॉनची नळी आणली होती. काकांनी ती उघडून माझ्या नाकापाशी धरली. व्हिनेगरचा वास! असं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं आणि आम्ल लोखंडाला खातं. ते काचेला चालतं, गाडीच्या पत्र्याला नाही. काकांनी पॉलियुरेथेनचं सीलंट वापरलं. प्रत्येक भोकाभोवती त्याची वळी फिरवली, बोल्टला वायसर घातला आणि सगळे बोल्ट आधी हातानं लावून मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळत नेले. एकच पूर्ण आवळला तर पत्रा वाकतो आणि फट राहते.

वरची आणि बाजूची कड सीलंटनं बंद केली. खालची मात्र उघडीच! मला वाटलं, विसरले. तर काका हसले. "बाई, किती बंद केलं तरी थोडं पाणी शिरणारच. त्याला बाहेर जायला वाट नको?" बॉडीच्या तळाला पाणी निघायची छोटी भोकं असतात, ती चिखलानं बुजली होती. काकांनी तारेनं मोकळी केली. सीलंट सुकायला एक पूर्ण दिवस दिला.

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा जीप शाळेसमोर उभी होती. ती चौथीतली मुलगी, आता पाचवीतली, दप्तर डोक्यावर धरून खाली वाकली आणि ओरडली, "बाई, पडतंय! सगळ्या भोकांतून पडतंय!"