अॅट्रोपिनच्या ड्रॉप्सने मुलांचा चष्मा जातो का?

नाही. हे ड्रॉप्स लागलेला नंबर घालवत नाहीत, फक्त तो वाढण्याचा वेग कमी करू शकतात.

मायोपियात डोळा मागच्या बाजूला लांबत जातो आणि लांबचं धूसर दिसतं. नंबर फार वाढला, तर पुढे डोळ्याचा पडदा सरकण्याचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टर रोज रात्री एक थेंब टाकायला सांगतात.

खरा प्रश्न प्रमाणाचा आहे. २०१२ मध्ये सिंगापूरच्या अभ्यासानंतर ०.०१ टक्के ड्रॉप्स लोकप्रिय झाले. भारतातल्या चाचणीतही त्यांचा फायदा दिसला. पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत औषध नसलेल्या थेंबांपेक्षा ते सरस ठरले नाहीत. हाँगकाँगमध्ये ०.०५ टक्के सर्वाधिक प्रभावी ठरलं. मात्र प्रमाण वाढलं की उजेडाचा त्रास आणि वाचताना धूसर दिसणंही वाढू शकतं.

म्हणून मेडिकलमधून परस्पर बाटली आणू नका आणि सुरू असलेले ड्रॉप्स मनाने बंदही करू नका. नंबर पुन्हा वेगाने वाढू शकतो. नियमित तपासणी करा.

आणि ज्यांना अजून चष्मा लागलेला नाही, त्यांना रोज दोन तास बाहेर खेळू द्या. तो उपाय फुकट आहे.