खिडकीला ब्लाइंड्स बसवताय? आधी साखळीचं बघा, कापडाचा रंग नंतर

उन्हाळा तापायला लागला की ऑनलाइन शॉपिंगच्या साइटवर रोलर ब्लाइंड्सचे पर्याय दिसू लागतात. माप टाका, रंग निवडा, घरी पार्सल येतं. व्हिडिओ बघून अर्ध्या तासात बसवूनही होतं. पण त्या पार्सलमध्ये एक छोटा प्लास्टिकचा तुकडा असतो, आणि बऱ्याचदा तो खोक्यातच राहून जातो.

हा तुकडा म्हणजे साखळी भिंतीला ताणून धरणारा क्लिप.

नेमका धोका काय?

रोलर ब्लाइंडची मण्यांची साखळी गोल असते. ती तोडता येत नाही, तोडली तर ब्लाइंड वर-खाली होणारच नाही. म्हणजे खिडकीशेजारी कायम एक फास लोंबत असतो. लहान मूल खेळता खेळता त्यात अडकलं, तर एका मिनिटाच्या आत गळा आवळला जाऊ शकतो. आणि ओरडता येत नसल्यामुळे शेजारच्या खोलीत असलेल्या आईबाबांनाही काही कळत नाही.

अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या माहितीनुसार, तिथे दरवर्षी सरासरी 5 वर्षांखालच्या 9 मुलांचा जीव ब्लाइंड्सच्या दोऱ्यांमुळे जातो.

मग तिथे काय केलं?

2018 च्या डिसेंबरपासून दुकानात मिळणारे तयार मापाचे ब्लाइंड्स बिनदोरीचे किंवा मुलांच्या हाताला दोरी लागणार नाही असे करणं ठरलं. ऑर्डर देऊन बनवले जाणारे ब्लाइंड्स मात्र सुटले. 2022 मध्ये आयोगाने त्यांच्यासाठीही सक्तीचा नियम केला. उत्पादकांची संघटना कोर्टात गेली आणि सप्टेंबर 2023 मध्ये अपील कोर्टाने तो नियम रद्द केला. गंमत म्हणजे, दरम्यान उद्योगाने स्वतःचं मानक कडक केलं होतं. ते जून 2024 पासून लागू झालं आणि ऑर्डरच्या ब्लाइंड्सच्या मोकळ्या लोंबणाऱ्या दोऱ्याही त्यात बंद झाल्या. ब्रिटन आणि युरोपात 2014 पासूनच कडक मानक आहे. तिथे साखळी जमिनीपासून 1.5 मीटर उंच ठेवण्यावर भर दिला जातो.

आपल्या घरात काय वेगळं?

फर्निचरची मांडणी. दिवाण, सोफा, कधी बाळाचा पलंगसुद्धा खिडकीला टेकवूनच ठेवलेला असतो. 1.5 मीटर उंचीचा मग काय उपयोग? मूल दिवाणावर उभं राहिलं की साखळी त्याच्या गळ्याशी येते.

दुसरी अडचण ड्रिलची. मुंबई-पुण्याच्या बहुतेक फ्लॅटमध्ये खिडकीला ग्रॅनाइटची चौकट असते. ब्लाइंड चौकटीच्या आत बसवला तर क्लिप ग्रॅनाइटवर लावावा लागतो. दगड तडकेल या भीतीने लोक तो दुतर्फा टेपने चिकटवतात. ही टेप चार दिवसांत सुटते. त्यामुळे लहान मूल असलेल्या घरात ब्लाइंड चौकटीच्या बाहेर, भिंतीवर बसवलेला बरा. ऊनही कडेने कमी येतं. माप घेताना दोन्ही बाजूंना 5 ते 10 सेंटीमीटर जास्त धरा. खिडकीच्या वर बहुधा काँक्रीटची लिंटेल असते, तिथे साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं.

क्लिप लावताना साखळी पूर्ण खाली ओढून ताणलेली असताना खूण करा. साखळी सैल राहिली तर क्लिप असून नसल्यासारखा. जुने आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स असतील तर त्यांची दोरी उंचावर हुक लावून त्यावर गुंडाळून ठेवता येते, फक्त प्रत्येक वेळी न विसरता.

साखळीच नको असेल तर स्प्रिंगचे ब्लाइंड्स मिळतात, खालची पट्टी धरून वर-खाली करायचे. बॅटरीवर चालणारे मोटरवालेही आहेत, पण महाग. भाड्याच्या घरात घरमालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर साखळीवाला ब्लाइंड घेऊच नका. तिथे चौकटीत ताणून बसणाऱ्या रॉडवरचा साधा कापडी पडदा चालतो.